पगार दुप्पट झाला, मग निवृत्ती किती वर्षं जवळ आली?

गेल्या महिन्यात मी नोकरी बदलली आणि वार्षिक पगार ९ लाखांवरून १८ लाखांवर गेला. ऑफर लेटर आलं त्याच रात्री फोनवर 'फायर' कॅल्क्युलेटर उघडला. फायर म्हणजे पुरेसा पैसा साठवून चाळिशीतच नोकरीची गरज संपवणं. रील्समुळे हा शब्द आता सगळ्यांनाच माहीत आहे. मी फक्त पगाराचा आकडा बदलला आणि निवृत्ती १४ वर्षं अलीकडे आली! पण त्यात एक मोठी चूक होती. ती समजून घेऊया.

आधी हातात येणारा पगार बघा

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदारांना १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर लागत नाही. म्हणजे ९ लाखांवर माझा कर शून्य होता. १८ लाखांवर तो सेससह साधारण १ लाख ५१ हजार होतो. पीएफ वगैरे वजा जाता आधी महिन्याला ६५ हजार हातात यायचे, आता सुमारे सव्वा लाख येतात. दुप्पट नाही, पण जवळपास.

२५ पटीचा हिशोब

बहुतेक कॅल्क्युलेटर एकच सूत्र वापरतात: वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की तुम्ही मोकळे. इथे पगार कुठेच नाही, फक्त खर्च आहे. म्हणून खर्च वाढला की दुहेरी फटका बसतो. बचत कमी होते आणि गाठायची रक्कमही वाढते.

माझेच आकडे बघा. सुरुवात शून्यापासून, परतावा महागाईपेक्षा ४ टक्के जास्त, आणि पगार व खर्च दोन्ही महागाईइतकेच वाढतात असं धरलंय.

- जुना पगार, खर्च ४० हजार: १ कोटी २० लाख जमायला साधारण २४ वर्षं.
- नवा पगार, खर्च तोच ४० हजार: साधारण १० वर्षं.
- नवा पगार, पण खर्च ७० हजार: आता हवेत २ कोटी १० लाख. साधारण २१ वर्षं.

तिसरी ओळ मी दोनदा तपासली. मोठा फ्लॅट भाड्याने, गाडीचा ईएमआय आणि शनिवार-रविवारचं बाहेरचं खाणं धरलं, तर ७० हजार सहज होतात. म्हणजे पगार जवळपास दुप्पट होऊनही निवृत्ती फक्त तीन वर्षं जवळ येते. कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, पण पगार वाढल्यावर तुमचा खर्चही वाढेल हे तो स्वतःहून धरत नाही. ते आपणच टाकावं लागतं.

हे सूत्र आलं कुठून?

विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये अमेरिकेच्या बाजाराची जुनी आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे महागाईनुसार वाढवत नेले, तर पैसा किमान ३० वर्षं पुरतो, असं त्याला दिसलं. पण ३८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पैसा ५० वर्षं पुरायला हवा. त्यात आपली महागाई वेगळी आणि नोकरी सोडली की कंपनीचा आरोग्य विमाही संपतो. म्हणून मी २५ ऐवजी ३३ पट धरतो.

मग मी काय केलं?

खर्च ४० हजारांवरच ठेवणं मला जमणार नव्हतं. घरी थोडे पैसे पाठवायचेच होते. म्हणून ५० हजार ठरवले. २५ पटीने १३ वर्षं येतात, ३३ पटीने १६. मला १६ चा आकडा जास्त खरा वाटतो.

बाकीचे ७५ हजार पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून जातात. यातला काही भाग आपत्कालीन निधीत आणि बाकीचा एसआयपीत. म्युच्युअल फंडासाठी यूपीआय ऑटोपेची मर्यादा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये १ लाख केली. त्यामुळे एकदा परवानगी दिली की दर महिन्याला पिन टाकावा लागत नाही.

तुमची पगारवाढ झाली असेल, तर वाढीव पगार पहिल्यांदा जमा होण्याआधीच हे सेट करा. एकदा ईएमआय सुरू झाला की तो खर्च कमी करणं फार अवघड जातं.