पाचवा पातकी

आषाढ अमावास्येच्या सायंकाळी गृहिणी समया-निरांजने घासून पाटावर मांडतात व दीपपूजन करतात. त्याच सायंकाळी घरातील पुरुष, उद्यापासून श्रावण लागणार या सबबीवर, मित्रमंडळींसह महामार्गावरील ढाबा गाठतात. ‘गत-आहार’ अशी व्युत्पत्ति सांगून काही जण या गटारीला सोवळे नेसवू पाहतात. संस्कृतच्या अभ्यासकाला ती पटणे कठीण आहे. असो. पिण्याहूनही मोठी चिंता आहे ती परतीच्या वाटेची.

अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदविला गेला. रस्ता उत्तम झाला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु अशा रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर हा वेग मंद वाटतो, आणि त्या वेगातही वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर धावते. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. मद्य प्रथम गाठते ते या सारथ्याला. पाय लटपटण्यापूर्वीच विवेक गेलेला असतो. म्हणूनच ‘मला काही चढलेली नाही’ असे तो मनुष्य अगदी प्रामाणिकपणे सांगतो! लिंबूपाण्याने वा डोक्यावर गार पाणी ओतल्याने झोप उडेल. रक्तातील मद्य उतरवायला यकृताला तासच लागतात. आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने तर थेंबही घेतलेला नसतो.

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असता वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण आज मला चालकापेक्षा त्याच्या भोवतालच्यांविषयी बोलावयाचे आहे. छांदोग्य उपनिषदाने चार पतित सांगितले, त्यांत सुरापान करणारा आहे. आणि लगेच पाचवा सांगितला, तो या चौघांच्या संगतीत वागणारा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८८ तरी निराळे काय म्हणते? मद्यपी चालकाच्या गुन्ह्यास साहाय्य वा चिथावणी देणाऱ्यासही तीच शिक्षा. ‘एकाने काय होते’ म्हणत पेला भरणारा यजमान, किल्ली हाती देणारा मित्र, शेजारी बसून ‘दाब, रस्ता मोकळा आहे’ म्हणणारा सोबती – कायद्याच्या कचाट्यात यांपैकी कोण सापडेल ते न्यायालय पाहील. धर्मदृष्ट्या मला तिघांत भेद दिसत नाही.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातील गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पुढे बाबांनी मुलीच्या बारशाला मद्यमांसाचा प्रघात मोडून गोडाचे जेवण घातले. तेव्हा ते नुसते डेबूजी होते, संत म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. भावकीसमोर एका साध्या गृहस्थाने हा नकार दिला.

तेवढे धैर्य आज घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे. दीपपूजन होताच मोटारीची, मोटारसायकलची किल्ली मागून घ्यावी व समईशेजारी ठेवावी. मुलगा चिडेल, जावई रुसेल. जावयाला आग्रहाने ठेवून घेण्याची तर आपल्याकडे रीतच आहे. त्याला अंथरूण घालून द्यावे. गाडी सकाळीही नेता येते.