सुरांचे पदर

चिरोटा चाखण्याआधी जाणता खवय्या त्याचे पदर पाहतो. पोळीवर पोळी रचायची, मध्ये तुपातांदळाच्या पिठीचा साटा लावायचा, गुंडाळी करून कापायची, हलक्या हाताने लाटायची आणि मंद आचेवर तळायची. साटा कमी पडला तर पदर एकमेकांना चिकटतात आणि चिरोट्याची जाड पुरी होते. पदर सुटून आले पाहिजेत आणि तरीही चिरोटा एकच राहिला पाहिजे. यंदा मला बोलायचे आहे ते मात्र फराळाच्या ताटातल्या पदरांविषयी नव्हे. मला बोलायचे आहे ते आवाजाच्या पदरांविषयी, आणि ते बोलायला लावले आमच्या पुतण्याने.

आमचे मूळ गाव डोंगरकडा. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातले. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही परभणी जिल्ह्यातले म्हणवत होतो. मी शहरात कॉलेजच्या पोरांना संतकाव्य शिकवतो. थोरले बंधू गावी राहून हळद आणि केळी पिकवतात. दोघांच्या धंद्यांत कुणाचा धंदा अधिक उपयोगी, हा प्रश्न आमच्या घरात फार पूर्वीच निकालात निघालेला आहे; त्याचा निकाल मी येथे सांगत नाही.

तर दादांचा फोन आला. "तू येऊन बघ एकदा. पोरगं रातभर खोलीत बसून एकच सूर वाजवायलंय. क्विंटलभर हळदीचे पैसे त्या डब्यांत गेले. अन् वरून म्हणतंय की याला संगीत म्हणतात!"

मी गेलो. खोलीत एक इलेक्ट्रिक गिटार, एक स्पीकर आणि जमिनीवर एका फळीला ठोकलेल्या, पायाने दाबायच्या पाच पेट्या होत्या. दादा त्यांना डबे म्हणतात. चिरंजीव पेडल म्हणतात. मी प्राध्यापक असल्यामुळे मला त्या प्रत्येकीचे नाव आणि प्रयोजन विचारणे भाग होते. पुतण्याला तेवढेच हवे होते. वीस वर्षांच्या पोराला त्याच्या आवडीच्या विषयावर प्रश्न विचारून पाहा; आपल्या तासाला मान खाली घालून बसणारी पिढी हीच का, असा संशय येऊ लागतो.

गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखाली लोहचुंबकावर गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की वेटोळ्यात तशीच थरथरणारी वीज उत्पन्न होते. ही वीज स्पीकरपर्यंत पोचण्याआधी त्या पाच पेट्यांतून जाते. पहिली पेटी सुराला खरखरीत करते. दुसरीने आवाज हळूहळू वर चढवता येतो. तार छेडल्याचा टणत्कार लपवून नंतर आवाज चढवला की गिटारचे एकदम व्हायोलिन होते. आइसलंडच्या 'सिगुर रोस' या मंडळीतला वादक तर गिटारवर चक्क गज फिरवतो. आपल्याकडचा सारंगीवाला त्यात काही नवल मानणार नाही.

तिसरी पेटी प्रतिध्वनीची. तिला डिले म्हणतात. लहानपणी आम्ही विहिरीच्या काठावर पालथे पडून आरोळी देत असू आणि विहीर ती परत करीत असे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; गेलेला आवाज एक दशांश सेकंदाने परतला तर कानाला तो वेगळा कळतो, म्हणजे समोरची भिंत १७ मीटर तरी दूर हवी. ही विहीर आता पेटीत आली आहे, आणि तिची खोली बोटाने कमीजास्त करता येते. पूर्वी हे काम चुंबकीय फितीवर होत असे. फीत आवाज टिपणाऱ्या टोकापासून वाचणाऱ्या टोकापर्यंत सरकायला जितका वेळ लागेल, तितका उशीर! आज हे काम इवलीशी चकती करते.

पण गंमत आहे ती हिशेबात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली. पुतण्या प्रतिध्वनी लावतो पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर. स्वतः वाजवतो अर्ध्या-अर्ध्या मात्रेला एक सूर. मग होते असे की परतलेला सूर नव्या सुरावर पडत नाही, तो दोन सुरांच्या मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसतो. वाजवणारा सावकाश वाजवत असतो आणि ऐकणाऱ्याला दुपटीची लय ऐकू येते. गोफ विणताना एक पोर पुढे सरकते आणि दुसरे तिच्या मागच्या जागेत येते, तसेच हे.

चौथी पेटी घुमाऱ्याची. पाचवी, सर्वांत महागडी, लूपरची. एकदा पाय दाबायचा आणि चार ओळी वाजवायच्या. पुन्हा दाबला की त्या चार ओळी आपोआप फिरून फिरून वाजत राहतात. त्यांच्यावर दुसरा पदर वाजवायचा, मग तिसरा. लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने १९४८ साली स्वतःच्याच गिटारवर स्वतःची गिटार चढवून ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा लोक चकित झाले होते. पुढे ते पायाखालच्या पेटीत आले. १९९९ साली 'लाइन सिक्स' कंपनीची एक हिरवी पेटी निघाली. तिच्यात चौदा सेकंद मावत. तेवढ्या चौदा सेकंदांवर कितीतरी वादकांनी आपली घरे बांधली. आमच्या जिल्ह्याचा आणि तिचा जन्म एकाच सालचा, ही माहिती मी दादांना दिली. त्यांना तिचे काही वाटले नाही.

या धाटणीच्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज टीकाकारामुळे हे नाव १९९४ साली रूढ झाले. ग्लासगोची 'मोग्वाय', टेक्ससची 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' ही त्यातली गाजलेली मंडळी. यांच्या वाजवण्यात बहुधा शब्द नसतात. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट थोडी झोंबली, हे लपवत नाही. सुरुवात एका अगदी साध्या सुराने होते. पदरावर पदर चढत जातात. दहा मिनिटांनी अशी काही लाट उसळते की अंगावर काटा यावा. आणि मग एकेक पदर उतरत पुन्हा शांतता येते.

"पण काका, सगळं वाजवून चालत नाही," पुतण्या म्हणाला. "खालच्या सुरांचा पदर आधी, अन् तो अगदी साधा. दुसऱ्यानं त्याच्या मजल्यावर पाय ठेवायचा नाही. सगळे मधल्या पट्टीत वाजले की नुसता चिखल होतो. अन् लूपमध्ये एक सूर चुकला, तर तो दर फेऱ्याला परत येऊन तोंड दाखवतो."

हे ऐकताना मला त्याच्या खोलीतली गिटार दिसेनाशी झाली आणि देवळातले भजन ऐकू येऊ लागले. आमच्या मुलखात भजनाला तोटा नाही. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानलेली नर्सी आमच्याच जिल्ह्यात आहे. भजनात कोण कुठे उभे असते ते आठवून पाहा. वीणेकऱ्याचा सूर अखंड, न बदलणारा. मृदंगाच्या धुमेला भिजवलेली कणीक लावलेली, म्हणून तिचा बोल खोल, जमिनीतून आल्यासारखा. टाळ धातूचा, लखलखीत, सगळ्यांच्या वर. आणि या दोघांच्या मधली सबंध जागा माणसांच्या गळ्यांसाठी मोकळी. कुणी कुणाच्या मजल्यावर पाय ठेवत नाही. अभंगाचे ध्रुवपद दर कडव्यानंतर फिरून येते. आला ना लूप? सुरुवात संथ, मग लय चढते, टाळ उसळतात, आणि शेवटी गजर थांबल्यावर जी शांतता पडते, तिच्यात वीणेचा सूर तेवढा उरलेला असतो. पुतण्याने पाच पेट्या जोडून जी इमारत उभी केली होती, तिचा नकाशा त्याच्या आजोबांना तोंडपाठ होता.

तंबोऱ्याचेही तेच. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली की एकाच तारेतून अनेक सूर उमलतात. खर्जाच्या तारेत कुणी न लावलेला गंधार ऐकू येतो. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिथले कारागीर हे पदर सोडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यासाठी त्यांना विजेचे बटण लागले नाही.

मग या पेट्या हव्यात कशाला? दादांचा प्रश्न अगदी हाच होता. आणि त्यांच्या मनातली खरी काळजी पैशांची नव्हती. "पोरगं एकटं पडलंय," ते मला ओट्यावर हळूच म्हणाले.

मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "काका, माझ्यासोबत वाजवायला गावात हाय कोण? आम्ही चौघं होतो. एक पुण्याला गेला, एक हैदराबादला, एक औषधाच्या कंपनीत. मग उरलेल्या तिघांचं बी मलाच वाजवावं लागतंय."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. आपण शहरातली माणसे यंत्राने माणूस एकटा केला म्हणून हळहळतो; इथे माणसे आधी गेली होती आणि त्यांच्या जागी यंत्र मागाहून आले होते.

त्यातून त्या पेट्यांची एक खोड माझ्या ध्यानात आली. कोरस नावाची एक पेटी असते. ती १९७६ साली जपानच्या बॉस कंपनीने पहिल्यांदा काढली. ती काय करते? एका वादकाचा सूर घेते, त्याची एक प्रत काढते, ती प्रत जराशी मागे ओढते, सुरातून किंचित हलवते, आणि मूळ सुरात मिसळते. त्यामुळे एकजण अनेकांसारखा वाजतो. दहा टाळकरी कधीही तंतोतंत एकाच क्षणी टाळ मारत नाहीत. केसाइतके मागेपुढे होतेच, आणि त्या मागेपुढे होण्यानेच टाळाचा आवाज देऊळभर पसरतो. माणसांच्या त्या चुकांची नक्कल करण्यासाठी कारखान्यात पेटी बनवावी लागली. पेटीला हे साधले. पण टाळकरी बुवांकडे पाहून हात आखडता घेतो, गायक थकला की आपण उचलून धरतो. लूप कुणासाठी थांबत नाही. तो आपल्याला ऐकवतो. आपले ऐकत नाही.

गेल्या माघात गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. सप्ताहात वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सात दिवस, १६८ तास. दोन-दोन तासांचे पहारे धरले तरी ८४ पाळ्या भरायच्या. दिवसाच्या भरतात. पहाटे दोन ते चार या वेळेला माणूस मिळेना. जी पोरे पूर्वी उभी राहत ती परगावी, आणि म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात. बैठकीत कुणीतरी तोड सुचवली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मिळतो, बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तो १९७९ सालीच तयार केला आणि आज तो गवयांच्या घरोघर आहे. रात्री दोन तास तो लावून ठेवावा. सूर तर अखंड राहील! कुणी म्हणाले, आपल्या गावात डबेवाला पोरगा आहेच, त्यालाच वीणेचा लूप करून द्यायला सांगा.

पुतण्याला बोलावले. सगळ्यांना वाटले, आता याची कळी खुलणार. तो उभा राहिला आणि म्हणाला, "लूप दोन मिनिटांत करून देतो. पण मग ते फक्त वाजत राहील. पहाऱ्याला कुणीतरी जागं पाहिजे ना? दोन ते चार मला द्या."

सातही रात्री तो उभा राहिला. तिसऱ्या रात्री दादा त्याला बघायला म्हणून देवळात गेले आणि टाळ घेऊन बसले. वहिनींनी मला हे फोनवर सांगितले. बापलेकांपैकी कुणीही एका शब्दाने बोलले नाही.

यंदा दिवाळीत तुमच्याही घरी एखादा मुलगा किंवा मुलगी असल्या काही पेटीसाठी हट्ट धरून बसली असेल. परवडत असेल तर घेऊन द्या. तिच्यात विद्या आहे, हिशेब आहे, आणि दुसऱ्या पदराला जागा सोडण्याची शिस्तही आहे. फक्त महिन्यातून एखाद्या संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन बसा. गाणे येत नसेल तर टाळी धरा. ती थोडी मागेपुढे झाली तर हरकत नाही. कोरसची पेटी विकत घेण्याचे पैसे वाचतील.

डोंगरकड्याची ताजी बातमी एवढीच की सप्ताहाच्या भजनी मंडळातली दोन शाळकरी पोरे आता संध्याकाळी पुतण्याच्या खोलीत येऊन बसतात. एक मृदंग आणतो. पुतण्याने प्रतिध्वनीची पेटी त्याच्या लयीवर लावायला घेतली, तेव्हा मृदंगवाल्याची लय पुढे पळते म्हणून दोघांचे भांडण झाले. दादा म्हणतात, आता रात्री झोप येत नाही, आवाज दुप्पट झालाय. पण तक्रार करताना त्यांचा आवाज मात्र चढत नाही. परवा त्यांनी मला विचारले, शहरात त्या वायरी बऱ्या मिळतात का? दोन घेऊन ये.