शब्दांच्या निमित्ताने : ‘फ्यूम’

दाना ओलीतील एका भगिनींनी विचारले आहे की, ‘फ्यूम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात ‘धूर’ असा दिलेला असता, मुलीच्या धड्यातील गृहस्थ गाडी चुकल्यावर ‘फ्यूम’ कसे करतात?

लॅटिन ‘फूमुस’ म्हणजे धूर. तो फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. संस्कृत शब्दाच्या आरंभी ‘ध’ असेल तेथे लॅटिनमध्ये पुष्कळदा ‘फ’ आढळतो. तेव्हा ‘फूमुस’ आणि आपला ‘धूम’ हे सख्खे भाऊ. ‘परफ्यूम’ही याच घरातला, मुळात तो जाळलेल्या सुगंधी द्रव्यांचा धूर होता, म्हणजे आपल्या देवघरातला धूपच. तिसरे भावंड ग्रीक ‘थूमोस’. त्यातला धूर विरला आणि आवेश व राग तेवढा उरला. धुराचे रागाशी नाते काही इंग्रजांनी प्रथम जोडलेले नाही.

मात्र हा राग भडक्याचा नव्हे. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलून उपयोग नसतो, त्याचा हा राग. म्हणून गाडी चुकलेले गृहस्थ मराठीत ‘चरफडतात’. मुलीने वहीत हेच लिहावे. दोन जावांत चालते ती ‘धुसफूस’, आणि राग महिनोन्‌महिने आत राहिला तर माणूस ‘धुमसतो’. ‘आग पाखडणे’ येथे चालणार नाही; तो सुपातला उघडा कारभार आहे. हिंदीच्या सहवासात आपल्या घरांतून या सर्वांच्या जागी एकटा ‘गुस्सा’ येऊन बसला आहे, याचे मात्र वाईट वाटते. गुस्सा आला एवढे कळते. तो कोणत्या जातीचा, हे कळत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला आपल्या पराभूत मुलाची निर्भर्त्सना करते, तेव्हा कोंड्याच्या विस्तवासारखा ज्वाळेवाचून धुमसत राहू नकोस, असेच तिचे सांगणे आहे. धान्याच्या ओळीत राहणाऱ्यांना कोंड्याची ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको. (आपल्या ‘ओळी’चे हिंदीत ‘ओली’ झाले. मराठीत ओले लाकूडच अधिक धुमसते, हा निव्वळ योगायोग!)

अनेकवचनी ‘फ्यूम्स’ची गोष्ट निराळी. दिसणाऱ्या धुराला इंग्रजीत सहसा ‘स्मोक’ म्हणतात. ‘फ्यूम्स’ पुष्कळदा दिसतही नाहीत. नाका-डोळ्यांना झोंबतात तेव्हाच कळतात. तेथे ‘धूर’ लिहिणे अपुरे. ‘उग्र वाफ’ किंवा ‘विषारी वायू’ म्हणावे. १९८४च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखांमधल्या रात्री, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. तेव्हा झोपेतून उठलेल्या कित्येकांना शेजारी कोणी मिरच्या जाळल्या असाव्यात असे वाटले. इतका ओळखीचा ठसका, आणि त्याने हजारोंचे प्राण घेतले.

त्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी २०२५च्या जानेवारीत पीथमपूरला नेण्यात आला. तेथील लोक धुराच्या भीतीने रस्त्यावर उतरले. कचरा त्याच वर्षी जाळून झाला. भोपाळमध्ये मात्र १९८९ची भरपाईची तडजोड मान्य नसलेली माणसे त्यानंतरही कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली. त्यांच्यासाठी ‘चरफडणे’ हलके पडते. तेथे ‘धुमसणे’च लिहावे लागेल.