सोवळे : जलालपूरचे आणि बोस्टनचे

नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई टिळक. वडिलांच्या सोवळ्याने घर कसे जेरीस आले होते, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. वाचताना हसू येते आणि कीवही. त्यांच्या संसारात पुढे जो धर्म शिरला, तो तरी बिनसोवळ्याचा होता का? नव्हता. त्याच्या सोवळ्याला पाणी लागत नसे, इतकेच.

त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम धरले. हे मिशन ज्या बोर्डाचे, ते १८१० साली न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळींनी काढलेले. मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत केलेल्या प्युरिटनांचे हे वारस. मूळची मंडळी बिशपांच्या जाचाला कंटाळून घर सोडून निघालेली. तिकडे पाय रोवल्यावर मात्र त्यांनी वेगळे मत मांडणाऱ्या रॉजर विल्यम्सला हाकलले, बोस्टनला क्वेकरांना फासावर चढवले, आणि १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. ख्रिस्ती मुलखात नाताळला दंड!

त्यांच्या धर्मविचाराची खरी मेख वेगळीच होती. नुसत्या बाप्तिस्म्याने कोणी पुरा सभासद होत नसे. देवाची कृपा आपल्याला कशी लाभली, तो अनुभव मंडळीपुढे सांगावा लागे. बापांनी सांगितला, मुलांपैकी पुष्कळांना सांगता येईना. मग त्यांच्या लेकरांचे काय? १६६२ साली तोड निघाली : लेकरांना बाप्तिस्मा द्या, पण अनुभव नसलेल्यांना प्रभुभोजन नाही. पंगतीत बसा, पान वाढणार नाही.

अनुभव थोरला आणि विधी धाकटा असेल, तर अनुभव असलेल्याला विधीवाचून दाराबाहेर का ठेवायचे? १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. याचे श्रेय सहसा त्यांच्या भक्तिसंप्रदायी पिंडाला देतात. असेल. मला मात्र यात मिशनऱ्यांच्या पूर्वजांचेच तत्त्व मिशनवर उलटलेले दिसते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे तगला नाही. मिशन तगले.