ओल पुराची की घरमालकाची?

पुराचे पाणी ओसरायला एक दिवस पुरतो. भिंतीतली ओल बाहेर पडायला दसरा उजाडतो. घरविम्याच्या दाव्याची पाहणी करणारा सर्व्हेअर यांपैकी पहिल्या गोष्टीचाच विचार करतो, आणि अन्यायाची सुरुवात तेथेच होते.

अंबरनाथ पश्चिमेच्या रहिवाशांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. वालधुनी ही काही महानदी नव्हे. काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडीत ती कल्याणपाशी उल्हास नदीला मिळते. लांबी थोडी आणि अतिक्रमणे फार, त्यामुळे तिचे पाणी रातोरात चढते आणि तितक्याच लगबगीने उतरते. २६ जुलै २००५ चा प्रलय या पट्ट्याने भोगला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीवर ते पाहत होता. हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झाली, ही चांगलीच गोष्ट. परंतु गाडी निघून गेल्यावर पाण्यात उभ्या राहिलेल्या घरांकडे कॅमेरा वळत नाही.

सर्व्हेअर येतो तेव्हा लादी पुसलेली असते. गाद्या उन्हात असतात, भिंत नुसती ओली दिसते. तो फ्रिजची, कपाटाची नोंद करतो आणि निघून जातो. पुढे श्रावणात हवाच इतकी दमट असते की विटेने पिऊन घेतलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. गिलाव्याला पोपडे येतात, कपाटामागे काळी बुरशी धरते, घरातल्या दमेकऱ्याचा श्वास अडतो. आता विमेदाराने कळवावे तर उत्तर तयार असते : ही पुराची हानी नव्हे, ही जुनी गळती, बांधकामातला दोष, देखभालीची हेळसांड! म्हणजे लवकर पाहणी झाली तर नुकसान दिसत नाही, आणि उशिरा झाली तर ते पुराचे ठरत नाही. कोणत्याही तिथीला गेले तरी दार बंदच.

विमापत्राची भाषा या युक्तिवादाला हात देते. पूर, वादळ, नळ वा टाकी फुटणे अशा आकस्मिक घटनांना तेथे स्थान आहे. हळूहळू झिरपणाऱ्या ओलीला नाही. वर्षानुवर्षे गळणाऱ्या गच्चीचा खर्च विमा कंपनीने सोसावा, असे कोणी म्हणत नाही. पण पुराच्या रेषेखाली उगवलेली बुरशी ही पुराचीच संतती होय. खालून चढलेली ओल आणि वरून उतरलेली गळती यांतला फरक साध्या गवंड्यालाही कळतो. तो अहवालात उतरत नाही, कारण तो उतरविण्यात अहवाल मागविणाऱ्याचा तोटा असतो.

मूळ दुखणे हे आहे. सर्व्हेअरची नेमणूक कंपनी करते, मेहनताना कंपनी देते, पुढचे काम मिळणेही तिच्याच मर्जीवर अवलंबून. कायदा त्याला निःपक्ष राहण्यास सांगतो. पोट त्याला काय सांगते हे सांगायला नको. हा माणूस खलनायक नव्हे. दाव्यामागे ठरलेल्या फीवर धावणारा तोही एक उक्त्या कामगारच आहे. शिवाय १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ यूएम कलमाने आणखी एक पळवाट ठेवली : सर्व्हेअरने ठरविलेल्या रकमेहून वेगळ्या रकमेवर दावा मिटविण्याचा कंपनीचा हक्क अबाधित आहे. अहवाल सोयीचा असला की तो प्रमाण, नसला की केवळ एक मत! सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात सांगितले. त्याचा लाभ आजवर कंपन्यांनीच अधिक उठविला. विमेदाराने तो का उठवू नये?

१९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच होते. मालकी बदलली, पाहणीची रीत मात्र खाजगी नफेखोरीच्या काळातलीच राहिली. पुढे खाजगी कंपन्या परतल्या, आणि २०२१ साली परकीय भांडवलाची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेण्यात आली. कारभार बदलण्याची संधी सरकारी मालकीच्या काळात दवडली गेली, हे डाव्या चळवळीने स्पष्टपणे मान्य करावयास हवे.

आणि हे सारे पॉलिसी असलेल्यांचे. बुवापाडा, वांद्रापाड्यातल्या भाडेकरूजवळ ती असण्याचा संभव कमीच. त्याच्या वाट्याला सरकारी पंचनामा येतो. २०१५ ते २०२० या काळातील आपत्ती मदतीच्या निकषांत भांडी-कपड्यांच्या साहाय्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट होती. वालधुनी इतका मुक्काम क्वचितच करते. कंपनीचा सर्व्हेअर आणि सरकारचा तलाठी, दोघेही पाण्याचे तास मोजतात. ओलीचे महिने कोणीच मोजत नाही.

सर्व्हेअरची नेमणूक विमा नियामकाच्या यादीतून पाळीपाळीने व्हावी, त्याची फी सामायिक निधीतून दिली जावी, आणि पूरग्रस्त घराची दुसरी पाहणी पाण्यानंतर साठ दिवसांनी सक्तीची असावी, या मागण्या पक्षाने विधिमंडळात आणि रस्त्यावरही मांडाव्यात. तोवर स्थानिक कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम भरपूर आहे. पाणी उतरताच प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ तारखेसह आखून तिचे छायाचित्र घ्यावे. बुरशी दिसताच कंपनीला पुन्हा लेखी कळवावे. केवळ उशीर झाला म्हणून प्रामाणिक दावा फेटाळू नये, असे नियामकाने २०११ साली कंपन्यांना बजावले आहे, त्याचा हवाला द्यावा. ज्यांनी गृहकर्ज घेतले आहे त्यांनी बँकेकडून विमापत्राची प्रत मागावी. अनेकदा हप्ता कर्जातच गुंफलेला असतो आणि घरमालकाने तो कागद कधी पाहिलेलाही नसतो. नकार आलाच तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.