कामाचे तास मोजतो, पण टीममध्ये बोलता येते का?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात ‘ईवाय’ समूहातील २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ताणाने तिचा जीव घेतला, असे तिच्या आईने कंपनीला पत्र लिहून सांगितले. कंपनीने ते मान्य केले नाही. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती मुख्यतः कामाच्या तासांची.

तास महत्त्वाचे आहेतच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. पण हे तास वाढतात कशामुळे?

न सांगितलेली अडचण

पुसदचा मुलगा हिंजवडीत लागतो. टीममध्ये कोणी केरळचा, कोणी बंगालचा, क्लायंट अमेरिकेत आणि मीटिंग इंग्रजीत. मराठी माध्यमात शिकलेला हा मुलगा ‘मला समजले नाही’ म्हणायला कचरतो. वरिष्ठांना वाटते, सगळे ठीक आहे. अडचण डेडलाइन तोंडावर आली की उघडी पडते आणि मग सगळ्यांच्याच रात्री जातात. प्रोजेक्टही रखडतो, तब्येतही बिघडते.

‘गूगल’ने आपल्या १८० टीमचा अभ्यास केला. टीममध्ये कोण आहे, यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे जास्त महत्त्वाचे ठरले. शंका विचारली तर अपमान होणार नाही, हा भरवसा सर्वांत वर होता. एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात रुग्णालयांतही असेच दिसले. चांगल्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या.

समोरच्याची अडचण ओळखणे, आपला राग आवरणे, यालाच भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. ती शिकता येते. मात्र माणसे कमी आणि काम दुप्पट असेल, तर एखाद्या दिवसाच्या प्रशिक्षणाने काही साधत नाही. ती जबाबदारी कंपनीचीच.

घरच्यांनी काय पाहावे?

- झोप लागत नाही किंवा सुट्टीतही थकवा जात नाही.
- सतत डोके दुखते, अ‍ॅसिडिटी होते, बीपी वाढलेला असतो.
- फोनवर बोलणे तुटक होते, चिडचिड वाढते.
- कामाबद्दल ‘काही अर्थ नाही’ असे वारंवार म्हणतो.

असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायातली ताकद जाणे, यांना ‘टेन्शन’ समजू नका. लगेच रुग्णालय गाठा. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

फोनवर ‘पगार झाला का?’ विचारण्याआधी ‘अडलं तर कोणाला विचारतोस?’ एवढे विचारून बघा. ‘कोणालाच नाही’ असे उत्तर आले, तर त्याच्याशी निवांत बोलायची वेळ झाली आहे.