घराजवळचे रान पायी पाहू द्या
चंद्रपूर-गडचिरोलीतील निसर्गभ्रमंती करणाऱ्या नागरिकांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी व वनविभागाचे अधिकारी,
चंद्रपूर आणि गडचिरोली

महोदय,

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुण्या-मुंबईची मंडळी आज तिथला वाघ पाहायला कितीतरी आधी बुकिंग करून येतात. खुशाल येवोत, मोहर्लीतल्या कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण जिप्सीचे भाडे ज्याला परवडत नाही, त्या इथल्याच माणसाने पोराबाळांना घेऊन रविवारी कुठे जावे?

वाघाच्या रानात मोकाट फिरू द्या, असे आम्ही म्हणत नाही. २०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांना तर ही भीती दर उन्हाळ्यात असते. म्हणूनच फिरण्याजोग्या जागा नेमून द्या, आणि आसपास वाघाचा वावर दिसला की त्या दिवशी वाट बंद असल्याची सूचना गावात वेळेवर पोहोचू द्या.

सुरुवात शहरातच करता येईल. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट सुमारे ११ किलोमीटरचा आहे. इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून श्रमदानाने तो झाडून काढला. पण दगडांच्या सांध्यात रुजलेला पिंपळ छाटला तरी पावसाळ्यात पुन्हा फुटतो. हे काम किती वर्षे स्वयंसेवकांच्या भरवशावर सोडायचे? पुरातत्त्व विभाग व महानगरपालिकेने दरवर्षी पावसाळ्यानंतर सफाई करावी. शहरातल्याच रामाळा तलावात सांडपाण्याचा थेंबही जाऊ नये.

आमचा खरा आग्रह मालगुजारी तलावांसाठी आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे गावोगावी असे तलाव आणि बोड्या (लहान तळी) आहेत. हिवाळ्यात सकाळी पाळीवर नुसते उभे राहिले तरी अडयांचा थवा शीळ घालत डोक्यावरून जातो, कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालताना दिसतो. तिकीट नाही, गेट नाही. प्रत्येक तालुक्यात असा निदान एक तलाव निवडावा. पाळीवरची झुडपे काढून वाट करावी, मराठी नावांचा एक पक्षीफलक लावावा आणि तिथेच थांबावे. सिमेंटचे कठडे, रंगीत दिवे आणि 'आय लव्ह'वाले फलक कृपा करून नकोत. सुशोभीकरणाचा निधी आला की आम्हाला धडकीच भरते. ढिवर बांधवांच्या मासेमारीला मात्र कुठेही आडकाठी येता कामा नये.

गडचिरोलीत आलापल्लीजवळचे जुन्या सागाचे वन २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरले. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसोरच्या काळातले जीवाश्म आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सहली आधी इथे न्याव्यात आणि त्यासाठी एसटीने सवलतीत गाड्या द्याव्यात. वाटाड्या म्हणून माडिया-गोंड तरुणांनाच प्रशिक्षण व मानधन मिळावे. मेंढा (लेखा) ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे विसरून कुणाच्याही रानात वाट आखू नये. ग्रामसभा नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपला.

इथल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपार जातो, पावसाळ्यात वाटा चिखलात जातात. पायी फिरायला हिवाळ्याचे चारच महिने मिळतात. तेव्हा दिवाळीपूर्वी दोन्ही जिल्ह्यांची संयुक्त बैठक बोलवावी आणि तीत मासेमारी संस्था, ग्रामसभा व शिक्षकांना बरोबरीने बसवावे, ही विनंती.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद